पाठवणीतला हसरा चेहरा

वहिनी,

काल एका लग्नाचे फोटो पाठवायचे होते म्हणून तुमच्या कंप्यूटरवर बसलो. धंद्याच्या कामासाठी, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. फोल्डर उघडला, सगळे फोटो एकदम निवडले, तुम्ही तयार करून ठेवलेलं सेटिंग लावलं आणि बटण दाबलं. पट्टी सरकायला लागली. एकेक फोटो पडद्यावर यायचा, थोडा उजळायचा, लहान व्हायचा आणि निघून जायचा. नवरी, करवली, मामा, भटजी, सगळ्यांना तुमचाच उजेड मिळत होता. तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही आणि तुमचा हात त्या परक्या लोकांच्या तोंडावरून फिरत होता. मला ते बघवेना. उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

तुमच्याशी बोलायचं राहिलंय. खरं सांगायचं तर भांडायचं राहिलंय. आपलं शेवटचं भांडण अर्धवट सोडून तुम्ही गेलात, आणि जाताना माझ्याकडून एक शब्द घेऊन गेलात. तो शब्द मी पाळला नाही. हे दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. आता तुमच्या कानावर कोण काय घालणार, हे मला कळतं. तरीही सांगतो.

दादाशी लग्न होऊन तुम्ही माहेरच्या नेरे गावातून आमच्या नवीन पनवेलच्या घरात आलात, तेव्हा मी कॅमेरा गळ्यात अडकवून गावोगावची लग्नं करत फिरायचो. पुढे रोल गेले, कार्डं आली, आणि एका लग्नाचे दोन-तीन हजार फोटो घरात येऊन पडायला लागले. माझ्या नाकी नऊ आले. तेव्हा तुम्ही मागे उभ्या राहून बघायचात. एक दिवस म्हणालात, ‘भावजी, यवढं तर मी पन करीन.’ तुम्हाला कंप्यूटर मी शिकवला असं मी चारचौघांत सांगायचो आणि तुम्ही गप्प बसून ऐकून घ्यायचात. वर्षभरात मला अडलं की मी तुम्हाला विचारायला लागलो होतो. कानामागून आली आणि तिखट झाली, असं चिडवलं की तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. ‘तिखट लागतं तर पानी प्या.’

आपलं भांडण पहिल्या दिवसापासूनचं. मी एकेक फोटो उघडून करणारा. ह्या चेहऱ्यावर सावली आहे, त्या पदराचा जरीकाठ भडक दिसतोय, असं करत दुपार घालवणारा. तुम्ही म्हणजे एक घाव दोन तुकडे. एका फोटोवर सगळं नीट बसवायचं, ते सेटिंग साठवायचं आणि अख्ख्या फोल्डरला लावून मोकळं व्हायचं. रंगही एकदम, मापही एकदम. बॅच लावली की तुम्ही स्वयंपाकघरात. पट्टी शेवटाला पोचेपर्यंत बोंबील साफ करून व्हायचे, भाताला आधण यायचं. मी म्हणायचो, ‘वहिनी, सब घोडे बारा टक्के करू नका. माणसं वेगवेगळी असतात.’ तुम्ही ओला हात पदराला पुसत बाहेर यायचात. ‘असतात ना. पन अल्बम एकच असतो. तुमी एकेक करत बसा, नवरीचं डोहाळजेवन येईल तरी अल्बम नाय येनार.’

तुमचंच खरं होतं. तुमच्या बॅचवर आपलं घर चाललं आणि माझं नाव झालं. लोक म्हणायचे, ह्यांचे फोटो कसे एका जातीचे वाटतात. मी मान खाली घालून हसायचो. श्रेय कोणाचं ते आपल्या दोघांना ठाऊक होतं, आणि तुम्ही ते कधी मागितलं नाहीत. मीही कधी बोलून दाखवलं नाही. आता बोलतोय.

ती हळद आठवते ना? आपल्या आगरी लोकांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. गाव लोटतं, आणि नवरा-नवरी राहिली बाजूला, वऱ्हाडातला कुत्रासुद्धा पिवळा होतो. त्या अख्ख्या हळदीला तुम्ही आपोआप रंग सुधारायचं सेटिंग लावलंत. मशीनला वाटलं, फोटोत पिवळं जास्त झालंय. त्याने प्रत्येक फोटोतून पिवळं शोधून काढून टाकलं. नवरदेव आंघोळ करून बसल्यासारखा स्वच्छ. अल्बम पाहून त्याची आत्या दारात येऊन उभी राहिली.

‘आमच्या पोराला हलद लागली ती कुठं गेली? सगली कोरी मानसं. कुनाचं सुतक होतं का?’

मी घाबरून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही तिला आत घेतलंत, पाणी दिलंत आणि म्हणालात, ‘आत्याबाय, मशीनला आपली हलद म्हाईत नाय. मी सांगते तिला.’ आणि खरंच सांगितलंत. त्या दिवसापासून हळदीचं सेटिंग वेगळं झालं. ते अजून तिथेच आहे, ‘हळद’ नावाचं.

दुसरं तुमचं काम म्हणजे माणसं उभी करणं. घरातलं कोणी गेलेलं असलं की लोक त्याचा जुना फोटो घेऊन यायचे. नातवाच्या लग्नाच्या फोटोत आजोबांना उभं करा म्हणायचे. मला ते आवडायचं नाही. तुम्ही मात्र जीव लावून करायचात. आजोबांचा फक्त छातीपर्यंतचा फोटो असला तर त्यांना सोफ्याच्या मागे घ्यायचात, म्हणजे पायांचा प्रश्न नाही. उलव्याच्या एका म्हातारीने हट्ट धरला होता, नवऱ्याला पुढे बसवा म्हणून. तुम्ही तिचा हात हातात घेऊन म्हणालात, ‘गेलेलं मानूस मागंच बरं दिसतं, आये. फुडे जिवंत मानसांना बसू दे.’ म्हातारी ऐकली. डोळे किती उघडे आहेत, सावली कोणत्या बाजूला पडते, सगळं बघून तुम्ही तो माणूस असा मिसळायचात की घरचेच विसरून जायचे.

मग तुम्ही आजारी पडलात.

आजाराचं नाव आपल्या घरात कोणी उच्चारलं नाही. तुमचे केस गेले, गाल बसले, हातावर सुईचे काळे डाग पडले. तुमच्या लेकीचं, प्राजूचं लग्न पुढच्या वर्षी ठरलं होतं, ते या वर्षी आणलं, आणि का आणलं हेही कोणी उच्चारलं नाही. मुलगी तेवढी ओळखून होती. ती एकदा मला जिन्यात म्हणाली, ‘काका, आईसाठी घाई चाललीय ना?’ मी म्हणालो, चांगला मुहूर्त आहे.

हळदीच्या सकाळी डोक्यावरचा पदर पिनांनी पक्का करून तुम्ही मला बाजूला घेतलंत. ‘भावजी, माझे फोटो काडू नका.’ मी म्हणालो, ‘मी नवरीचे काढणार. तुम्ही शेजारी आलात तर मी काय करू?’ तुम्ही हसलात. आणि दोन्ही दिवस तिच्या शेजारीच राहिलात. हळदीला, गौरीहाराला, सप्तपदीला, कुठेच ती तुम्हाला सोडेना आणि तुम्ही तिला. मी काढत राहिलो. एवढं खोटं नव्हतं माझं म्हणणं, मी खरंच नवरीवर फोकस धरला होता.

अल्बम मात्र तुम्ही मला करू दिला नाहीत. खुर्चीत उशी ठेवून बसायचात. थोडं करायचात, पडायचात, परत उठायचात. दादा चिडायचा. तुम्ही म्हणायचात, ‘दुसऱ्यांच्या पोरींचे केले, माझ्या पोरीचा नको करू?’ मला वाटलं रंग, मापं, नेहमीचं काम चाललंय. फोटो माझ्या हातात आले तेव्हा मी पहिल्यांदा पानं नुसतीच उलटली. काहीतरी चांगलं वाटत होतं आणि काहीतरी खटकत होतं. मग लक्षात आलं. लग्नभर तुम्ही धडधाकट होतात.

गाल भरलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू, पदराखाली काळेभोर केस. चेहरा ओळखायला मला वेळ लागला नाही, कारण तो मीच टिपला होता. तुमच्या भावाच्या मुलाच्या लग्नात, नेऱ्याला, तुम्ही पानसुपारीचं तबक घेऊन चालला होतात आणि मी हाक मारली होती, ‘वहिनी, इकडे बघा.’ तुम्ही बघितलंत आणि हसलात. तोच चेहरा. तुम्ही तो कापून, साफ करून, प्राजूच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत स्वतःच्या मानेवर बसवला होता. काम असं की धंद्यातल्या माणसालाही सांधा सापडू नये. लोकांच्या आजोबांना उभं करणाऱ्या बाईने जिवंतपणी स्वतःला उभं केलं होतं. मला रडूही आलं आणि तुमचा रागही आला.

राग आला तो पाठवणीच्या फोटोपाशी. गाडीचं दार उघडं आहे. प्राजू तुमच्या गळ्यात पडलीय. दादाने तोंडाला रुमाल लावलाय. माझी आई, आत्या, मैत्रिणी, सगळ्यांचे डोळे सुजलेले. आणि मधोमध तुम्ही, नेऱ्याच्या त्या लग्नातल्यासारख्या प्रसन्न हसताय.

‘वहिनी, पाठवणीला हसताय तुम्ही,’ मी म्हणालो.

तुम्ही पडूनच होतात. डोळे न उघडता म्हणालात, ‘मंग?’

‘मंग काय? आई अशी हसते का तेव्हा? एकच चेहरा सगळीकडे लावलात. इथे तरी बॅच लावायची नव्हती. इथला रडका ठेवायचा.’

‘रडका कुठून आनू?’ तुम्ही डोळे उघडलेत. ‘शोदला. सगल्या डिस्का शोदल्या. बरी होते तवाचा माझा एक पन रडका फोटो नाय, भावजी. तुमी काडलाच नाय. आनि मी पन कवा रडले, तवा?’

मी म्हटलं, मग त्या एका फोटोत आहे तसंच राहू द्या. तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, पोरगी सासरी अल्बम दाखवेल, नातवंडं बघतील, त्यांनी आजारी बाई कशाला बघायची? मग म्हणालात, ‘ओरिजिनल उडवून टाका. प्राजूला हेच द्या.’

‘बघू.’

‘बघू नाय. हो म्हना.’

मी हो म्हणालो. आजारी माणसाला नाही म्हणता येत नाही, याचा तुम्ही फायदा घेतलात. उद्या शांतपणे परत बोलू असं मी मनात ठरवलं होतं. तो उद्या आलाच नाही. तुमचा ताप वाढला, आणि मग दवाखाना, आणि मग सगळंच संपलं.

बाराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. दादाने अल्बममधलाच निवडला. मीच मोठा करून आणला. हार घातला, उदबत्ती लावली. आणि वहिनी, जी माणसं दोन महिन्यांपूर्वी त्या लग्नात जेवून गेली होती, तुमचे बसलेले गाल बघून ज्यांनी माझ्या आईला कोपऱ्यात घेऊन चौकशी केली होती, तीच माणसं फोटोसमोर उभी राहून म्हणत होती, ‘लग्नात किती बरी दिसत होती, नाय? वाटलं नव्हतं.’ खोटं बोलत नव्हती ती. त्यांना खरंच तसं आठवायला लागलं होतं. तुमचं काम इतकं चोख होतं. मला मात्र धडकी भरली. मूळ फोटो उडवले की तुमचं खरं शेवटचं रूप माझ्या आणि दादाच्या डोक्यात तेवढं उरणार, आणि आमच्या डोक्यांचा काय भरवसा?

दादाला सगळं सांगितलं. त्याने भिंतीवरच्या फोटोचा हार सरळ केला. मग म्हणाला, ‘तिला जसं दिसायचं होतं तसं दिसू दे. तिने सांगितलंय ना, मग उडव.’ त्याचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. तुमच्या चेहऱ्यावर तुमचाच हक्क. मी दोनदा तो फोल्डर निवडला. दोन्ही वेळा, खरंच उडवायचं का, असं मशीनने विचारलं, आणि मी नको म्हणालो.

परवा प्राजू सासरहून, उलव्याहून आली. तुमच्या फोटोसमोर दिवा लावला, दादाला जेवायला वाढलं, भांडी घासली. सगळं आवरून माझ्याकडे आली आणि अल्बममधलं पाठवणीचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

‘काका, आई तेव्हा हसत होती?’

मी म्हटलं, ‘फोटोत दिसतेय ना?’

‘फोटोत दिसतेय. पण तिचा गाल माझ्या मानेला लागला होता. ओला होता. मला आठवतंय.’ स्वतःची मान चाचपत ती म्हणाली, ‘का मलाच तसं वाटतंय?’

वहिनी, मी दिलेला शब्द तिथवर धरून होतो. तिने भांडून मागितलं असतं तरी मी धरून ठेवला असता. पण तुमची लेक स्वतःच्या आठवणीवर संशय घ्यायला लागली होती, आणि तो संशय आपल्या धंद्याने तिच्या डोक्यात घातला होता. मी उठलो आणि तिच्यासमोर मूळ फोल्डर उघडला. एवढंच म्हणालो, ‘तिने उडवायला सांगितले होते. तुला वाईट वाटेल.’

ती तुमच्याच खुर्चीत बसली. तिने बटणाने एकेक फोटो पुढे नेला. मी बाजूच्या स्टुलावर बसून वाट बघत होतो, आता कुठे तिला हुंदका येतो. पिनांनी पक्का केलेला पदर, सैल झालेली बांगडी, सुईचे डाग, सगळं येत होतं आणि ती पुढे जात होती. पाठवणीच्या फोटोपाशी पोचली. तुमचा गाल ओलाच होता. तिने तो मोठा करून बघितला, परत लहान केला, आणि उलटी निघाली, पहिल्या फोटोपर्यंत. मग म्हणाली,

‘मी लग्नभर आईकडे बघितलंच नाही, काका. तुम्ही सारखे म्हणत होतात, प्राजू, इकडे बघ.’

मी म्हणत होतो. ते माझं कामच होतं.

‘आता बघा,’ ती म्हणाली, आणि पडद्यावर बोट ठेवलं.

मी बघितलं. हळदीचा फोटो. गौरीहाराचा. अंतरपाटाचा. सप्तपदीचा. मी ते काढले होते, तुम्ही त्यांच्यावर दिवस घालवले होते, आणि आपण दोघांनीही त्यात फक्त तुमचे बसलेले गाल बघितले होते. प्रत्येक फोटोत प्राजू कॅमेऱ्याकडे बघतेय, आणि तुम्ही प्राजूकडे. भटजी काही सांगतायत, कोणी आहेर पुढे करतंय, आत्या तुमचा दंड ओढतेय, पण तुमची नजर लेकीवरून हललेली नाही. तुम्ही बसवलेला तो हसरा चेहरा माझ्याकडे बघत होता, वहिनी. मी हाक मारली म्हणून बघितलेला. तो लावताना तुम्ही आजारपण पुसलंत, त्याबरोबर हेही पुसलं गेलं.

प्राजूने सगळे फोटो नेले. लहान करून देऊ का असं मी विचारलं, तर नको म्हणाली. दादाला अजून सांगितलेलं नाही, पण सांगेन. भिंतीवर तुमचा तोच फोटो राहू दे, तुम्हाला आवडलेला. तुम्ही माझ्यावर रागावल्या असाल तर रागवा, तो तुमचा हक्क आहे. मी शब्द मोडला आणि मला त्याचं वाईटही वाटतंय.

पण तुमची लेक त्या दुपारी तुमच्या खुर्चीत बसून उशिरापर्यंत तुमच्याकडे बघत होती, आणि ह्या वेळी मी तिला इकडे बघ म्हणालो नाही.